नाट्यसहलीचे अहवाल आणि अपेक्षाभंगाची समीक्षा

पदव्युत्तर वर्गाच्या नाट्यसहलीहून परतलेल्या विद्यार्थ्यांकडून विभाग एक अहवाल लिहून घेतो. दोन-तीन दिवसांत पुण्यामुंबईची तीन-चार नाटके, त्यांतले एखादे प्रायोगिक, एखादे निव्वळ व्यावसायिक, क्वचित एखादे संगीत नाटक. आणि परतीच्या गाडीतच ठरून गेलेला निकाल : अमुक सर्वांत आवडले, तमुकाने निराशा केली. हा निकाल अहवालात जसाच्या तसा उतरतो. आवडलेल्या नाटकाच्या वाट्याला 'ओघवते कथानक, चुरचुरीत संवाद, साजेसे नेपथ्य, परिणामकारक प्रकाशयोजना' अशी ठरीव विशेषणे येतात. निराशा करणाऱ्या नाटकाची बोळवण 'नाटक पकड घेत नाही' या एका वाक्यात होते. शिक्षक अहवालांवर सही करतात, अहवाल कपाटात जातात, प्रवासखर्चाचा हिशेब जुळला की सहल सफल झाली असे मानले जाते.

वस्तुतः नाट्याध्यापनाच्या दृष्टीने विभागाच्या हाती पडणारी इतकी मोलाची सामग्री दुसरी नाही. कविता किंवा कादंबरी यांच्याबाबत मतभेद झाला तर पुस्तक पुन्हा उघडून पाहता येते. प्रयोग पुन्हा उघडता येत नाही. तो संपला की त्याच्याविषयी बोलण्याचे एकच साधन उरते, आणि ते म्हणजे दुसऱ्या प्रयोगाशी, किंवा मनातल्या प्रयोगाशी, केलेली तुलना. नाट्यसमीक्षेच्या मुळाशी ही तुलना असते, मग ती मान्य केली जावो वा न जावो. सहलीहून परतलेला विद्यार्थी ही तुलना करतच असतो; फक्त तिचा निकाल तेवढा लिहितो आणि कारणमीमांसा गाडीतच सोडून येतो. त्यातही आवडलेल्या प्रयोगापेक्षा निराशा करणाऱ्या प्रयोगाविषयी त्याने लिहिणे अधिक अगत्याचे आहे. आवड व्यक्त करण्यासाठी उसने शब्द मुबलक मिळतात. अपेक्षाभंग सांगायचा तर आधी अपेक्षा काय होती हे सांगावे लागते आणि तेथे उसने शब्द कामी येत नाहीत.

पहिली अडचण शब्दाचीच आहे. 'नाटक आवडले नाही' या विधानातील नाटक कोणते? मराठीत छापील पुस्तकालाही नाटक म्हणतात आणि पडदा उघडल्यावर रंगमंचावर घडते त्यालाही नाटकच म्हणतात. 'प्रयोग' हा नेमका शब्द भाषेत असूनही विद्यार्थ्यांच्या अहवालात तो फारसा येत नाही. त्यामुळे नटाने खाल्लेल्या वाक्यांची शिक्षा नाटककाराला होते, आणि नाटककाराच्या रचनेतील पोकळीचे खापर दिग्दर्शकावर फुटते.

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' या संदर्भात पाहण्यासारखे आहे. ते पुस्तकात वाचणारा विद्यार्थी बहुधा असे लिहितो, की पोटची मुलगी नानाच्या स्वाधीन करून कोतवाली मिळविणाऱ्या बापाची ही सूडकथा असून तिच्यातील व्यक्तिरेखा ठसठशीत नाहीत. पुस्तकापुरते हे म्हणणे चूक नाही. परंतु १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने या नाटकाचा पहिला प्रयोग केला, तेव्हा जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, भास्कर चंदावरकर यांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंद यांची नृत्यरचना यांतून प्रेक्षकासमोर जे उभे राहिले ते सूडकथेहून वेगळे होते. ब्राह्मणांची ती डुलणारी रांग कधी भिंत होते, कधी पडदा, कधी बावनखणीकडे वळणारा जमाव. ती एकाच वेळी पात्रही असते आणि नेपथ्यही. सत्ता कोणाला झाकते व कोणाला उघडे पाडते हे त्या रांगेच्या हालचालीतून कळते. संहितेत याची सूचना मोजक्या शब्दांत आहे. वाचक ते शब्द ओलांडून पुढे जातो. ज्याला पुस्तक पातळ वाटले त्याला प्रयोग थक्क करतो तो यामुळे.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'बाबत अनुभव उलट येतो. तेथे वाचनातच वाचकाच्या मनात एक वाडा बांधून होतो : धरणगावकर देशपांड्यांची ढासळती घडी, अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर, माजघरातील कुजबुज. मग रंगमंचावरचा वाडा काहीसा परका वाटतो. अमरावती-यवतमाळकडच्या विद्यार्थ्याला तर आणखी एक गोष्ट खटकते. नटांनी कमावलेली वऱ्हाडी बोली त्याच्या कानाला शिकवल्यासारखी लागते. तो अहवालात 'अभिनय कृत्रिम' एवढेच लिहितो. त्याच्या कानाने टिपलेला हेल नेमका कोठे घसरला हे त्याने लिहिले असते तर ते पुण्यामुंबईच्या कोणाही समीक्षकाला लिहिता आले नसते. ग्रामीण व निमशहरी विभागांतील विद्यार्थी नाट्यसमीक्षेत आपल्याकडे उणेपणा घेतात. प्रत्यक्षात कित्येक प्रयोगांच्या बाबतीत अधिकाराची बाजू त्यांचीच असते.

अर्थात अपेक्षाभंगाचे मूळ प्रत्येक वेळी प्रयोगातच असते असे नाही. सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) हे कीर्तनाच्या बांधणीवर उभे आहे. मृत भाऊराव स्वतःच्याच मरणाचे आख्यान लावतो. हे कीर्तन शहरी देवळांत रुजलेल्या नारदीय वळणाचे आहे. मराठवाड्यातील विद्यार्थ्याच्या कानात मात्र सप्ताहातले वारकरी कीर्तन असते : मागे टाळकऱ्यांची रांग, अभंगाचे निरूपण, श्रोत्यांचा गजर. त्याला 'महानिर्वाण'मधील विडंबन विडंबन म्हणून जाणवत नाही, कारण ज्याचे विडंबन चालले आहे तोच प्रकार त्याच्या परिचयाचा नसतो. तो 'कंटाळवाणे' असा शेरा मारतो. शहरातील, कीर्तन कधीच न ऐकलेला विद्यार्थीही 'कंटाळवाणे' असेच लिहितो. दोन्ही अहवालांतला शब्द एक आहे, कारणे मात्र अगदी भिन्न. शिक्षकाचे काम येथे सुरू व्हावयास हवे. नेमके येथेच ते सहीवर थांबते.

प्रयोगाचे यशापयश संहितेबाहेरच्या कशाकशावर अवलंबून असते याचा विचार भारतीय परंपरेला नवा नाही. नाट्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात रससूत्रावर महिने खर्ची पडतात. सिद्धींचा विचार करणाऱ्या सत्ताविसाव्या अध्यायाला मात्र सहसा वेळ उरत नाही. भरताने तेथे प्रेक्षकांच्या प्रतिसादाची बारकाईने नोंद केली आहे : स्मितापासून मोठ्या हास्यापर्यंत, वाहवेपासून हळहळीपर्यंत, रोमांचापासून जागेवरून उठून वस्त्रे भेट देण्यापर्यंत. पाठोपाठ प्रयोगाला होणारे 'घात' येतात. वारा, आग, पाऊस, हत्ती, साप, किडे यांनी होणारे घात वेगळे. प्रतिस्पर्ध्यांनी आरडाओरडा करून, शेण फेकून केलेले वेगळे. आणि नटाच्या स्वतःच्या चुकीने, म्हणजे विस्मरणाने, वेषभूषेच्या गोंधळाने, विसंगत अभिनयाने होणारे वेगळे. निर्णय देणारे प्राश्निकही एका जातीचे नाहीत. यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरणकार, धनुर्विद्येत निपुण, चित्रकार, गणिका, संगीतज्ञ, राजसेवक अशा निरनिराळ्या जाणकारांनी आपापल्या विषयापुरते मत द्यावे, ही कल्पना त्यामागे आहे. एकाच परीक्षकाने सर्व बाजूंवर निकाल द्यावा असा भरताचा आग्रह नाही. आजच्या अहवालात मात्र प्रत्येक विद्यार्थी कथानकापासून प्रकाशयोजनेपर्यंत सर्वच गोष्टींचा प्राश्निक होतो आणि कशाचाच राहत नाही. शिवणकाम जाणणाऱ्या विद्यार्थिनीने केवळ वेषभूषेवर चार पाने लिहिली तर भरताच्या दृष्टीने ती अधिकारी ठरेल.

घातांची ही यादी वाचून हसू येईल. हत्ती आता नाट्यगृहात शिरत नाही. पण बंद पडलेली वातानुकूलन यंत्रणा, खरखरणारा ध्वनिक्षेपक, तिसऱ्या रांगेत वाजणारा भ्रमणध्वनी हे त्यांचेच वंशज होत. नाट्यमंडपाच्या आकाराविषयीही भरत स्पष्ट आहे. फार मोठ्या मंडपात पाठ्य अस्पष्ट होते आणि मुखावरील भाव दिसत नाहीत, म्हणून चौसष्ट हात लांब व बत्तीस हात रुंद असा मध्यम मंडप त्याला इष्ट वाटतो. विद्यार्थ्यांच्या गटाला स्वस्तातली तिकिटे बहुधा बाल्कनीत मिळतात. दुसऱ्या दिवशी तेच विद्यार्थी दीडशे-दोनशे आसनांच्या प्रायोगिक मंचावर नटाच्या श्वासाच्या अंतरावर बसतात. मग 'प्रायोगिक नाटक अधिक भिडले, व्यावसायिक नाटक वरवरचे वाटले' असा साहित्यिक निष्कर्ष निघतो. त्यात साहित्य किती आणि आसनाची जागा किती, हे कोणी विचारत नाही. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेत 'आविष्कार'ने चालविलेल्या रंगमंचाचा प्रभाव सांगताना तेथील नाट्यवस्तूच्या धाडसाचा उल्लेख नेहमी होतो. प्रेक्षक आणि नट यांच्यातील अंतर तेथे जवळपास नाहीसे झाले होते, ही बाब त्या मानाने दुर्लक्षित राहते.

समान परिस्थितीत तुलना व्हावी असे म्हटले की 'संयुक्त मानापमान' आठवणे स्वाभाविक आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरमध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी झालेल्या त्या प्रयोगात केशवराव भोसले धैर्यधर होते आणि बालगंधर्व भामिनी. एकच संहिता, एकच रात्र, एकच प्रेक्षागृह. त्या दिवसापासून कोण सरस ठरला हा वाद मराठी रसिकांनी पिढ्यान्‌पिढ्या घातला. मात्र तेथेही तुलना दोन भिन्न भूमिकांची होती हे विसरले गेले. 'नटसम्राट'चे उदाहरण अधिक उपयोगी आहे. १९७० मध्ये डॉ. श्रीराम लागू यांनी उभे केलेले गणपतराव बेलवलकर पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी, चंद्रकांत गोखले, यशवंत दत्त अशा नटांनी आपापल्या प्रकृतीनुसार साकारले. २०१६ साली चित्रपट आला आणि नाना पाटेकरांचा चेहरा पडदाभर दिसू लागला. आजचा विद्यार्थी शिरवाडकरांचे नाटक रंगमंचावर पाहतो तेव्हा या चित्रपटाची, यूट्यूबवरील तुकड्यांची आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात ऐकलेल्या स्वगतांची त्याच्या मनात गर्दी असते. कॅमेऱ्याने डोळ्यातले पाणी जवळ आणून दाखविल्यावर बाराव्या रांगेतून नटाचे पाठमोरे खांदे पाहणे त्याला कमी वाटते. वास्तविक त्या खांद्यांतून नट काय सांगतो हे पाहण्याची सवय लावणे, यासाठीच सहल असते.

निराशेचे मूळ काळातही असू शकते. प्रशांत दळवी यांचे 'चारचौघी' १९९१ मध्ये चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आले आणि त्याच दिग्दर्शकाने २०२२ मध्ये ते नव्या संचात पुन्हा उभे केले. विवाहबाह्य नात्यातून आलेले मातृत्व अभिमानाने मिरविणारी आई आणि आपापले निर्णय स्वतः घेऊ पाहणाऱ्या तिच्या तीन मुली पाहून पहिल्या प्रेक्षकांना जो धक्का बसला, तो आजच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थिनीला त्याच ठिकाणी बसेल असे नाही. तिला कदाचित दुसरीच जागा अस्वस्थ करील. 'जुने वाटले' हा शेरा तिने मारला तर शिक्षकांनी तो खोडू नये; नेमके कोणते वाक्य, कोणता प्रसंग जुना वाटला एवढे विचारावे. त्या उत्तरात एकतीस वर्षांचा सामाजिक इतिहास सापडण्याचा संभव आहे.

खरा धोका मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे. अहवालातील आवड पुष्कळदा खोटी असते. सहलीतल्या एका रात्री विद्यार्थी 'वस्त्रहरण'ला पोट धरून हसतात आणि अहवालात मात्र सर्वांत आवडलेले नाटक म्हणून एलकुंचवारांचे किंवा आळेकरांचे नाव लिहितात. विभागाला काय रुचेल हे त्यांना ठाऊक असते. गंगाराम गवाणकरांच्या या मालवणी नाटकाने १९८० पासून मच्छिंद्र कांबळी यांच्या संचात हजारो प्रयोग केले. आरंभी चाचपडणाऱ्या या नाटकाचे भाग्य पु. ल. देशपांडे यांच्या मनमोकळ्या अभिप्रायाने पालटले ही हकीकत सर्वश्रुत आहे. म्हणजे प्रतिष्ठित रसिकाने हसल्याचे कबूल केल्यावर इतरांनाही कबूल करणे सोपे गेले. विद्यापीठीय समीक्षेने मात्र हे नाटक लोकप्रियतेच्या खात्यात टाकून विषय संपविला.

'वस्त्रहरण' हे रचनेच्या दृष्टीनेही विचारार्ह आहे. कोकणातील एका गावात हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा खेळ लावतात आणि तो खेळ पदोपदी फसतो. विस्मरण, वेषभूषेचा घोळ, नटांचे रुसवे, आयत्या वेळची बदली, मधूनच रंगमंचावर येणारी गावकी : भरताने सांगितलेले जवळपास सर्व आत्मकृत घात येथे एकाच रात्री होतात आणि त्यांच्यातूनच नाटक घडते. फसलेला प्रयोग हाच येथे यशस्वी प्रयोगाचा विषय आहे. हसणारा प्रेक्षक आपण एरवी प्रयोगाकडून काय अपेक्षितो हे पूर्णपणे जाणून असतो. जाणत नसता तर हसला नसता. द्रौपदीच्या भूमिकेतला पुरुष चारचौघांत विडी ओढताना पाहून हसणाऱ्याला रंगभूमीवरील स्त्रीभूमिकेचा संकेत ठाऊक असावा लागतो. म्हणजे विद्यार्थ्यांनी लपविलेल्या हसण्यात नाट्यसंकेतांचे ज्ञान होते, आणि मिरविलेल्या आवडीत ते असेलच असे नव्हे. एलकुंचवारांच्या 'युगान्त'ने ज्याला खरोखर हलविले त्याने तसे जरूर लिहावे. पण ज्याला झोप आली त्याने ती कोणत्या प्रवेशात आली हे लिहिण्यास बिचकू नये.

येथे असा आक्षेप येऊ शकेल की प्रहसनाची आणि गंभीर नाटकाची तुलनाच मुळात अप्रस्तुत आहे. प्रत्येकाला त्याच्या प्रकाराच्या मापाने मोजावे. आक्षेपात तथ्य आहे, पण पुरते नाही. प्रेक्षकाची संध्याकाळ एकच असते आणि तो दोन्हींना तेवढेच तास देतो. शिवाय प्रकाराच्या आडोशाला दोन्हीकडचे आळशी प्रयोग सुखाने राहतात. 'हे तर केवळ विनोदी नाटक' म्हणून ढिसाळ प्रयोगाला माफी मिळते, तशीच 'हे प्रायोगिक आहे' म्हणून अस्पष्ट उच्चारांनाही.

अपेक्षाभंग फलद्रूप होतो याला मराठी रंगभूमीचा आरंभच साक्षी आहे. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या दरबारात झाले. कल्पना भावली, पण खेळातील सर्वच पसंत पडले नाही. तसे काही अधिक नीटनेटके मराठीत व्हावे म्हणून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना सांगितले आणि १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झाले. पारशी मंडळीचा खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनात संगीत नाटकाची कल्पना आली आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगले. दोन्ही ठिकाणी पाहणाऱ्यांनी 'आवडले' किंवा 'नावडले' एवढ्यावर काम सोडले नाही. काय घ्यावे व काय टाकावे हे ठरविले. त्यांनी अहवाल लिहिले नाहीत हे खरे.

विभागांना करता येण्यासारखे फार अवघड काही नाही. अहवालाच्या माथ्यावर नाटककाराच्या नावाबरोबर प्रयोगाची तारीख, नाट्यगृह, आसनाची रांग आणि जाहिरातीत दिलेला प्रयोगक्रमांक असावा. निराशा करणाऱ्या नाटकावर आधी लिहवून घ्यावे आणि अपेक्षा कोठून आली होती, पुस्तकातून, वर्गातील व्याख्यानातून, चित्रफितीतून की कोणाच्या तोंडून, हे विचारावे. शक्य तेथे एकाच नाटकाचे दोन प्रयोग दाखवावेत. सहलीतले चौथे नाटक गाळून पहिलेच पुन्हा पाहिले तर खर्च वाढत नाही. संहिता आधी वाचावी की नंतर, याविषयी मात्र एक नियम करता येणार नाही. 'घाशीराम'सारखे नाटक आधी पाहिलेले बरे. एलकुंचवार आधी वाचलेले बरे. आणि अर्ध्या वर्गाने वाचून व अर्ध्याने न वाचता पाहिले तर चर्चेला सर्वांत अधिक रंग चढेल.

या अहवालांचे आणखी एक मोल आहे. वर्तमानपत्रांतील परीक्षणे मुख्यतः शुभारंभाच्या आसपासच्या प्रयोगांवर लिहिली जातात. नट बदललेले, नेपथ्य प्रवासासाठी आटोपते केलेले, दीडशेव्या प्रयोगानंतर नांदेडला किंवा जळगावला पोचलेले नाटक कसे होते याची नोंद क्वचितच होते, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य प्रेक्षकांनी पाहिलेले नाटक तर तेच असते. अंतर्गत मूल्यमापनात या अहवालांना आज जे गुण मिळतात ते प्रामुख्याने सुवाच्य अक्षर आणि वेळेवर सादरीकरण यांचे. त्यांतले निम्मे अपेक्षाभंगाच्या कारणमीमांसेसाठी राखून ठेवण्याचा निर्णय अभ्यासमंडळाच्या एका बैठकीत होऊ शकतो, आणि कपाटातील जुने अहवाल त्याआधी एकदा वाचून काढावयास तर बैठकीचीही आवश्यकता नाही.